उपाशी वाकळ

"अजून एक ओव की. तू गेल्यावर कोण हाय मला ओवून द्यायला?" जगदेवीबाई म्हणाल्या आणि त्यांनी डावा हात पुढं केला.

राजेश्वरीनं सुई उजेडाकडं धरली, नेढ्यातून दोरा पार केला आणि ती चिंध्यांच्या बोळ्यात खोचली. बोळा आता साळिंदरासारखा दिसत होता. दर वर्षी सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मायलेकींचं हे काम ठरलेलं असे. राजेश्वरी एडिंबऱ्याला एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला होती. ती परत यायला वर्ष जाई, आणि मोतीबिंदू काढल्यावरही आईला सुईचं नेढं काही दिसत नसे. म्हणून निघताना ती दोरा ओवलेल्या सुयांचा असा साठा करून ठेवायची.

"मोठ्या नेढ्याच्या सुया पाठवल्या होत्या ना तुला?"

"त्या व्हय? त्यांनी पोती शिवावीत. लेकराचं पांघरूण न्हाय शिवत त्यांनी."

जळकोटच्या घराची ओसरी हायवेपासून फार लांब नव्हती. जड ट्रक गेला की कोनाड्यातला पितळी डबा किणकिणायचा. समोरच्या रानात ज्वारीची काढणी चालली होती आणि कडब्याचा कोरडा गोडसर वास ओसरीपर्यंत येत होता. आईच्या मांडीवर वाकळ पसरलेली होती. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक घालून शिवलेली, लहान मुलाच्या मापाची.

आई डावखुरी होती. बाकीच्या बायकांच्या ओळी उजवीकडून डावीकडं जायच्या, आईची ओळ डावीकडून उजवीकडं. आणि तिचे टाके वाऱ्यानं कललेल्या पिकासारखे सगळे एकाच अंगाला झुकलेले असायचे. दहा जणींच्या वाकळी समोर टाकल्या असत्या तरी राजेश्वरीनं आईची वाकळ लांबून ओळखली असती. ओळ संपली की आई दोरा दातानं तोडायची. टक्. कात्री हाताशी असली तरी.

ही वाकळ 'पाखर'मधल्या एका मुलीची होती. उमरग्याच्या अलीकडं, हायवे सोडून आत माळावर 'पाखर' नावाचं बालगृह होतं. आईबाप नसलेली, किंवा असून नसल्यासारखी, ऊसतोडीच्या टोळ्यांमागं राहून गेलेली मुलं तिथं सांभाळली जात. आई कित्येक वर्षं तिथं जात होती आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला एक वाकळ शिवून देत होती. राजेश्वरीला मात्र तिनं एकदाही बरोबर नेलं नव्हतं. "तुझं काय काम तिथं, उन्हातान्हाचं," एवढंच म्हणायची.

का नेत नाही, ते राजेश्वरीला ठाऊक होतं. चौदा वर्षांची असताना उमरग्याला एका लग्नात ती पुस्तक घेऊन अंथरुणांच्या ढिगामागं बसली होती. ढिगाच्या पलीकडं दोन बायका बोलत होत्या. जगदेवीनं 'पाखर'मधून आणलेली पोर बोलण्याचालण्यात हुबेहूब जगदेवीवर गेलीय बघ, असं एक दुसरीला सांगत होती. बोलण्यात कुचकेपणा नव्हता, कौतुक होतं. राजेश्वरीनं पुस्तकाचं ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

पुढं तिनं कुणाला काही विचारलं नाही. आधी वाटलं, आई सांगेल तेव्हा सांगेल. मग वडील, अण्णा, गेले, घरात दोघीच उरल्या, आणि तिच्या ध्यानात आलं की आई भिते. लेकीला कळलं तर ती आपली राहणार नाही, असं भिते. ती भीती उतरवायला दोन वाक्यं पुरली असती. ती दोन वाक्यं जवळ बाळगूनच राजेश्वरी दर वर्षी घरी यायची आणि तशीच परत जायची.

त्या दिवशी ती वाक्यं अगदी ओठांवर आली होती.

"आई."

आईनं सुई वर धरली आणि ती थांबली. कुणी महत्त्वाचं बोलणार असं वाटलं की ती अशीच थांबायची. सुई उभी, नजर समोरच्या माणसावर, हात स्थिर. तेवढ्यात हायवेवर एका ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला. कोनाड्यातला डबा किणकिणला. ट्रक गेला, धूळ खाली बसली.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. कात्री घे म्हटलं. दात पडतील एखाद्या दिवशी."

"कात्री!" आई हसली आणि तिनं मुद्दाम मोठ्यानं दोरा तोडला. टक्.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरी हैदराबादला विमानतळावर रांगेत उभी असताना शेजारच्या लक्ष्मीबाईंचा फोन आला. आई ओसरीवर बसल्या जागीच गेली होती. मांडीवर वाकळ होती.

*

दिवसपाणी उरकलं, पाहुणे पांगले. घर रिकामं झाल्यावर राजेश्वरीनं वाकळ उघडून पाहिली. सगळी शिवून झाली होती. फक्त एक कोपरा उघडा होता आणि त्याच्या लगतची थोडी कड. आईनं हाती घेतलेलं काम अर्धं राहू नये, एवढंच तिला त्या वेळी सुचलं. बोळ्यातली एक सुई काढून ती ओसरीवर बसली. तिला शिवण फारसं येत नव्हतं. टाके मोठे आले, घट्ट आले. कोपरा तिनं पक्का मिटवला, दोन गाठी मारल्या आणि दोरा कात्रीनं कापला.

मग तिनं मामेभावाला, महारुद्रला, फोन केला. त्याची उमरग्यात गाडी होती, भाड्यानं चालायची.

"ताई, तिकडं म्हणं दुपारी चारलाच अंधार पडतो?" महारुद्रनं गाडी हायवेला घेतल्या घेतल्या विचारलं.

"हिवाळ्यात."

"मग लोक करतात काय?"

"वाचतात."

"आता कळलं तू तिकडं का गेलीस ते." तो हसला. मग मागच्या सीटवरच्या गठुड्याकडं आरशातून बघत म्हणाला, "आत्याला म्या लई वेळा सोडलंय 'पाखर'ला. पर फाटकाच्या आत येऊ द्यायची न्हाय. म्हणायची, तू हॉर्न वाजवतोस, लेकरं उठतात."

"वाजवतोसच तू."

"आता न्हाय वाजवत," तो म्हणाला.

त्याला उमरग्यात दवाखान्यातून वडिलांचे रिपोर्ट घ्यायचे होते. संध्याकाळी घ्यायला येतो म्हणून त्यानं तिला फाटकाशी सोडलं. गाडी वळवून नेताना त्यानं खरंच हॉर्न वाजवला नाही.

माळ खडकाळ होता. एका बाजूला करडई पिवळीकेशरी फुललेली, लांब टेकडीवर पवनचक्क्यांची पाती सावकाश फिरत होती. बैठी, पत्र्याची, चुन्यानं पांढरी केलेली इमारत. पुढं अंगण, मागं व्हरांडा, व्हरांड्यावर कडुनिंबाची सावली. अंगणाच्या भिंतीवर वाकळी उन्हात टाकल्या होत्या, एकीला लागून एक, पार कोपऱ्यापर्यंत. राजेश्वरी तिथंच उभी राहिली. प्रत्येक वाकळीवरचे टाके एकाच अंगाला झुकलेले होते. आईच्या अक्षरात लिहिलेली भिंत असावी, तसं तिला वाटलं.

पोरांनी तिला घेरलं.

"तुमी इमानानं आलात?"

"इमानात झोपाय मिळतं?"

"मिळतं. पण पाय लांब करता येत नाहीत."

"मग त्यापरीस आमची यष्टी बरी," एक मुलगी म्हणाली आणि सगळी खिदळली.

"ए, सरका. बाईला आत तर येऊ द्या." सिताबाईंचा आवाज पोरांच्या कलकलाटावरून सहज गेला. बालगृह त्या चालवत होत्या. वयानं आईएवढ्या, उंच, डोक्यावर पदर. त्यांनी राजेश्वरीचा हात दोन्ही हातांत धरला आणि तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "उंचीला चांगली झालीस गं."

"तुम्ही मला पाहिलंय?"

"फोटो दाखवायच्या की जगदेवीबाई." सिताबाईंनी हात सोडला. "बस. पाणी घे."

पाणी पिताना राजेश्वरीनं भिंतीवरच्या वाकळींचं विचारलं. एवढ्या वाकळींतून कुणाची कुठली, ते पोरांना कसं कळतं?

"मधल्या थरावरनं. हात लावला की वळखतात. पोर ज्या कापडात इथं येतं ते कापड बाई मधोमध घालायच्या. रीत त्यांनीच पाडली. म्हणायच्या, कुठनं आलं ते टाकून द्यायचं न्हाय, पर उघड्यावरबी ठेवायचं न्हाय. मधी घालायचं. म्हंजे त्यालाबी ऊब लागती." सिताबाई गठुड्याकडं बघत होत्या. "पयली वाकळ एका पिवळ्या झबल्याची शिवली. लई वर्षं झाली त्याला. माघारल्या व्हरांड्यातच बसून शिवली त्यांनी ती."

त्या उठल्या आणि पाण्याचा तांब्या उगाच आत घेऊन गेल्या.

राजेश्वरीच्या एडिंबऱ्याच्या घरात, खिडकीजवळच्या खुर्चीवर, तिची लहानपणची वाकळ होती. वरचं लुगडं झिजून मध्ये विटक्या पिवळ्या रंगाचा एक तुकडा दिसू लागला होता. लहान असताना तिनं विचारलं होतं, ही चिंधी कुणाची गं? आई म्हणाली होती, चिंधी म्हणू नये तिला, सगळ्यात मोलाची हाय ती. म्हणजे आई गप्प राहिली नव्हती. जे तोंडानं सांगवत नव्हतं ते तिनं शिवून लेकीच्या अंगावर घातलं होतं, रोज. आणि लेक त्याखाली झोपून पुस्तकं वाचत होती.

तिनं पदरानं डोळे पुसले नाहीत. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तसंच राहू दिलं.

*

अक्षदा सहा-सात वर्षांची असेल. ती इतर मुलांबरोबर आली नव्हती. खांबाला धरून उभी होती. सिताबाईंनी हळू आवाजात सांगितलं, की दिवाळीनंतर आणली तिला. आडवी म्हणून होत नाही. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसते आणि बसल्या बसल्या डुलक्या घेते. बाईंनी तिला सांगितलं होतं, तुझी वाकळ झाली की तू झोपशील. तेव्हापासून वाट बघते आहे.

"ही तुझी," राजेश्वरी म्हणाली आणि तिनं वाकळ बाकावर पसरली.

अक्षदा जवळ आली. तिनं हात लावला तो मधोमध. तळवा दाबून धरला. "हितं हाय माझा झगा. पोपटी." मग ती एकेक कोपरा चाचपत गेली. चौथ्या कोपऱ्याशी तिची बोटं थांबली. राजेश्वरीनं घातलेल्या त्या मोठ्या, घट्ट टाक्यांवरून तिनं बोट फिरवलं आणि हात मागं घेतला.

"ही उपाशी हाय."

"काय गं?"

"घास न्हाय हिच्यात. मला नको." ती पुन्हा खांबाशी जाऊन उभी राहिली.

राजेश्वरीला तेव्हा आठवलं. आईची कुठलीच वाकळ तशी मिटत नसे. शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा. ज्याची वाकळ त्यानं आपल्या भाकरीतला पहिला घास त्यात घालायचा. मग कोपरा मिटायचा. घरातल्या प्रत्येक वाकळीच्या वेळी तिनं ते पाहिलं होतं. गेल्या काही दिवसांत खाण्याजेवण्याचं भानच नव्हतं, त्यात हेही गेलं.

"भरला न्हाय व्हय घास?" सिताबाईंनी विचारलं. रागावल्या नाहीत, पण चेहरा उतरला. "उपाशी पांघरूण सोता झोपत न्हाय, आन् दुसऱ्याला झोपू देत न्हाय. असं बाई म्हणायच्या."

"चुकलं माझं. उसवते मी. कात्री आहे का?"

स्वयंपाकघरातून कात्री घेऊन ती परत आली. बाकाशी कुणी नव्हतं. अक्षदा पलीकडं नळावर हात धूत होती, पोरं ताटं मांडत होती.

कोपरा उघडा होता, लगतची कडही.

दोरा तुटला नव्हता, कापलाही नव्हता. अख्खा निघाला होता, टाक्यांनी नागमोडी झालेला, दोन्ही गाठी सुटलेल्या. आणि तो एका सुईभोवती आठच्या आकड्यासारखा गुंडाळून वाकळीच्या कडेला खोचून ठेवला होता. दोरा वाया जाऊ नये म्हणून आई ठेवायची, तसा.

"कुणी उसवलं हे?"

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. "कुणी न्हाय," अक्षदा नळावरून म्हणाली.

राजेश्वरीनं स्वतःला समजावलं, की आपल्याला शिवण येत नाही, गाठ कच्ची राहिली असेल. सुईबद्दल तिनं स्वतःला काही समजावलं नाही.

जेवणात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि लाल चटणी होती. पोरं ओळीनं बसली. अक्षदानं भाकरीचा पहिला तुकडा तोडला, तो तोंडात न घालता मुठीत धरून उठली आणि वाकळीच्या उघड्या कोपऱ्यात अगदी खोलवर सारला. मग येऊन जेवायला बसली. "आता आजी कोपरा मिटवतील," ती म्हणाली.

राजेश्वरीचा घास हातात राहिला. "अक्षदा, आजी आता येणार नाहीत."

"ठावं हाय. मेल्या त्या. आमी रडलो बी." तिनं आमटीत भाकरी बुडवली. "पर दुपारच्याला शिवाय बसतात. तवा माघारी जायाचं न्हाय."

"जेव गुमान," सिताबाई म्हणाल्या.

ताटं धुऊन झाल्यावर त्या राजेश्वरीजवळ येऊन थांबल्या. "पोरांचं मनावर घेऊ नको. दुपारचं मीबी माघारल्या व्हरांड्यात जात न्हाय आताशा. भ्याव न्हाय गं. माणूस कामात असलं की आपण त्याच्या मधी मधी करू नये, तसं."

राजेश्वरीनं बरंच वाचलेलं होतं. दुःखातल्या माणसांना काय काय दिसतं, काय ऐकू येतं, आणि ते का, यावर लिहिलेलं पुष्कळ काही तिच्या वाचनात आलेलं होतं. सिताबाईही आईची मैत्रीण. त्याही दुःखातच होत्या. तिनं वाकळ उचलली, पिशवीतला सुयांचा बोळा घेतला आणि ती मागच्या व्हरांड्याकडं निघाली. कोपरा मिटवायचा होता, नि तो तिलाच मिटवायचा होता.

दारात अक्षदा उभी होती.

"सुया ओवून ठेवा. त्यांला नेढं दिसत न्हाय."

"माहिताय मला," राजेश्वरी म्हणाली. आईला इथं हीच मुलं सुया ओवून देत असणार. साधी गोष्ट होती.

"तुमी परत याल?"

"येईन."

"समदे म्हणतात," अक्षदा म्हणाली आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसली.

*

मागचा व्हरांडा लांब आणि अरुंद होता. फरशीवर कडुनिंबाची जाळीदार सावली पडली होती. पत्रा तापून अधूनमधून कडकडत होता. झाडात कुठंतरी होला घुमत होता, आणि खूप लांब, ऐकू येईल न येईल असा, हायवे. भिंतीशी एक सतरंजीचा तुकडा अंथरलेला होता; मधोमध बसून बसून तो झिजलेला होता. राजेश्वरी त्यावर बसली नाही. शेजारी बसली.

बोळ्यातल्या सुया तिनं पाहिल्या. निघायच्या आदल्या दिवशी ओवलेल्या, तशाच. वाकळ तिनं सतरंजीवर ठेवली, एक सुई कोपऱ्यात खोचली आणि शिवायला घ्यायच्या आधी पाणी प्यावं म्हणून उठली. रांजण व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होता. ती पेलाभर पाणी प्यायली आणि परत आली.

कडेला टाक्यांची एक ओळ होती. वीतभर. डावीकडून उजवीकडं गेलेली.

ती वाकून पाहत राहिली. टाके बारीक होते, एकसारखे, सगळे एकाच अंगाला झुकलेले. सुई ओळीच्या टोकाला अडकून होती आणि दोरा हलत होता. वारा नव्हता.

ती उठून आत गेली. पोरं चटयांवर झोपली होती. अक्षदा भिंतीला टेकून, डोळे मिटून. पुढच्या पडवीत सिताबाई तूरडाळ निवडत होत्या, उजव्या हातानं, पाठ इकडं करून. स्वयंपाकघराला कडी होती. फाटक बंद होतं.

ती परत आली तेव्हा ओळ आणखी बोटभर पुढं सरकली होती.

राजेश्वरी भिंतीला टेकून बसली आणि वाकळीकडं टक लावून पाहू लागली. काही झालं नाही. पत्रा कडकडला. होला थांबला, पुन्हा घुमू लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिनं पापणी हलू दिली नाही, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली. कुणी काम करत असताना त्याच्या हाताकडं असं रोखून पाहू नये, हे तिला आईनंच शिकवलं होतं.

तिनं मान वळवली आणि लांबच्या पवनचक्क्यांकडं बघत बसली.

शेजारी दोरा कापडातून ओढल्याचा आवाज झाला. सुईचा टोच, मग तो लांब, सुळकन जाणारा आवाज. टोच. सुळकन. ती लहानपणी या आवाजात झोपायची.

आवाज थांबला. तिनं पाहिलं. दोरा संपला होता. रिकामी सुई वाकळीवर आडवी पडली होती.

राजेश्वरीनं बोळ्यातली दुसरी सुई काढली. तिनं ती वाकळीवर ठेवली, डाव्या बाजूला, आणि पुन्हा पवनचक्क्यांकडं मान वळवली.

टोच. सुळकन.

तिला भीती वाटत होती, आणि भीतीच्या आतून आणखी काहीतरी वर येत होतं. तिला थोडं हसू आलं. किती वर्षं झाली, या दोघी अशाच बसत आल्या होत्या. एक देणारी, एक शिवणारी. बोलणं असायचं ते तेवढंच.

तिसरी सुई. मग आणखी एक.

सावली व्हरांड्यावरून सरकली.

आवाज थांबला. या वेळी दोरा संपला नव्हता. कड पुरी झाली होती. कोपरा मिटत आला होता, बोटाच्या पेराएवढा उघडा राहिला होता. आत अक्षदाचा घास दिसत होता.

सुई कापडात उभी होती. अगदी ताठ.

राजेश्वरीनं मान वळवली. वाट पाहिली. आवाज आला नाही.

तिनं दुसरी सुई पुढं केली. ती तशीच पडून राहिली.

सुई उभी. हात स्थिर. आई थांबली होती.

हायवेवरून एक ट्रक गेला असावा. लांबून हॉर्न आला. राजेश्वरीनं तो पूर्ण विरून जाऊ दिला. मग झिजलेल्या सतरंजीकडं तोंड करून, डोळे मिटून ती बोलली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला, पण तो फाटला नाही.

"आई, तू मला इथून नेलंस, ते मला ठाऊक आहे. चौदा वर्षांची होते तेव्हापासून ठाऊक आहे."

काहीच हललं नाही.

"मी कुठं जाणार नव्हते गं. मी तुझीच आहे."

होला गप्प झाला. पत्रा गप्प झाला.

टक्.

आत कुणीतरी लांब श्वास सोडला आणि चटईवर आडवं झाल्याची सळसळ झाली. अक्षदाच्या बाजूनं.

राजेश्वरीनं डोळे उघडले. कोपरा मिटला होता. तोडलेल्या दोऱ्याचं टोक गाठीपाशी वर आलेलं होतं. तिनं ते दोन बोटांत धरलं.

ओलं होतं.